तारीख उलटलेलं दूध: ओतून द्यायचं की वापरायचं?

उतू_गेलं:
फ्रीज आवरताना मागच्या कोपऱ्यात दुधाच्या लिटर लिटरच्या दोन पिशव्या हाती लागल्या. तारीख उलटून चार दिवस झालेत. एक अजून फोडलेलीच नाही, फुगलेलीही नाही. दुसरी अर्धी वापरलेली, तिला आंबूस वास येतोय, पण नाक मुरडावं इतका नाही. शिवाय न तापवता पिता येतं त्या दुधाचा एक खोका आहे, कधीचा उघडलेला. त्याला वास अजिबात नाही, थेंबभर जिभेवर ठेवलं तर कडूजहर. घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो सरळ सिंकमध्ये ओत, दुसरा म्हणतो दही लाव. मला दोन्ही पटत नाहीये. घरात दुसरं काय काय करता येतं? स्वतः केलेलं सांगा, कुठून तरी आलेले फॉरवर्ड नकोत.

झोपाळू:
फेका. दुधापेक्षा पोट महाग.

लॅक्टोमीटर:
ताई, माझी उमेदीची वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे थोडं लांबण लावतो. तारीख बाजूला ठेवा, तिन्ही दुधं कशी बिघडलीत ते आधी बघू. पाकिटावरची तारीख न फोडलेल्या आणि सतत ४ अंशांच्या आसपास थंड राहिलेल्या दुधाची असते. फोडलं की ती तारीख संपली म्हणा.

पाश्चरायझेशनमध्ये दूध ७२ अंशांवर १५ सेकंद धरतात. रोगजंतू मरतात, पण सगळे जंतू मरत नाहीत, आणि पिशवी फोडल्यावर नवे शिरतात ते वेगळेच. त्यांतले काही फ्रीजच्या थंडीतही वाढतात. दुधातल्या साखरेचं आम्ल करण्याऐवजी ते प्रथिनं आणि स्निग्धांश फोडत बसतात, म्हणून दूध आंबट न होता कडू किंवा खवट होतं. तुमच्या खोक्याची ही गत झालेली दिसते. त्याचं दही वगैरे मनातही आणू नका. विरजण लावून केलेलं दही आणि आपोआप बिघडलेलं दूध यांचं गोत्रच वेगळं. 'उकळलं की झालं' हेही खरं नाही. जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळीलाही दाद देत नाही.

न फोडलेली पिशवी आधी वाटीत ओतून बघा. वास, रंग, चव ठीक असेल तर पळीभर दूध छोट्या भांड्यात तापवा, सगळं पातेलं पणाला लावू नका. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ६.७ च्या आसपास असतो; तो जितका उतरेल तितकं दूध आंबट. तो ४.६ पर्यंत उतरला तर दूध थंड असतानाच साकळतं, पण तापवलं की त्याच्या बरंच आधी फाटतं. म्हणून फ्रीजमध्ये शहाण्यासारखं दिसणारं दूध गॅसवर दगा देतं. आम्ही नमुन्यात तेवढाच अल्कोहोल घालून परीक्षानळी तिरकी करायचो. काचेवर बारीक कण चिकटलेले दिसले की ते दूध तापवायला गेलंच नाही!

तापवून टिकलं तर आजच संपवा. केक, नाहीतर पीठ भिजवायला. लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस घरात असेल तर तेही नको. फोडलेली आंबूस पिशवी मी तरी पोटात घालणार नाही. मांजरालाही नको, मोठ्या मांजरांना बहुधा ताजं दूधसुद्धा पचत नाही.

कुंडीवाली:
आंबूस पिशवी बागेला द्या. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी भुरी येते ना, तिच्यावर एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं फवारते. ब्राझीलमध्ये १९९९ साली झुकिनीवर याचा रीतसर अभ्यास झालाय आणि भुरी खरंच आटोक्यात आली होती. अर्थात तिथे दूध ताजं होतं. आंबूस दूध मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर गुठळी फवाऱ्याच्या तोंडात बसते आणि सुई घेऊन टोकरत बसावं लागतं. सकाळी उन्हात फवारायचं, पानाच्या खालच्या बाजूलाही. हात आखडता ठेवा. दाट झालं की पानांवर करडी बुरशी धरते आणि घाण वास सुटतो. पानं भुरीनं पार माखली असतील तर ती खुडा, दूध वाया घालवू नका.

उतू_गेलं:
@लॅक्टोमीटर, न फोडलेली पिशवी टिकली! केक ओव्हनमध्ये आहे. आंबूसमधलं थोडं कुंड्यांना देते, पण बरंच उरतंय.

कागदकाम:
उरलेल्याचा डिंक करा, मुलांच्या कागदकामाला मी हाच वापरते. वरची साय काढून टाका, स्निग्धांश राहिला तर नीट चिकटत नाही. दूध कोमट करून चमचा चमचा व्हिनेगर घाला, चोथा वेगळा झाला की फडक्यात गाळून धुवा, घट्ट पिळा. मग त्यात चिमटीभर खायचा सोडा आणि थोडं पाणी घालून घोटा. आधी फसफसतं, मग गुळगुळीत होतं. कागद, पुठ्ठा छान चिकटतो, लाकडी खेळण्याचा तुटका पायही धरतो. दोन-तीन दिवसांत संपवा, नंतर वास मारतो. सोड्याऐवजी चुना घातला तर पक्का होतो, पण चुना मुलांच्या हाती देऊ नका.

उतू_गेलं:
आणि कडू खोका? तो तरी सिंकमध्ये ओतू का?

लॅक्टोमीटर:
नको. दूध कुजताना पाण्यातला प्राणवायू भयंकर खातं, घरातल्या सांडपाण्याच्या कित्येक पट. घराला सेप्टिक टँक असेल तर मुळीच नको. भरपूर पाणी घालून पातळ करा आणि कंपोस्टमध्ये मधोमध खड्डा करून जिरवा, वर सुका पाला दाबा. वर वरच राहिलं तर माश्या आणि उंदीर येतात. एका वेळी पेलाभरच. उरलेलं झाकून फ्रीजमध्ये, आणि डब्यावर ठळक लिहा, नाहीतर कुणीतरी चहात घालेल.