बाळ, नोकरी आणि रविवारचा वर्ग... कसं जमवता?

डोंबिवलीची_ताई:
२६ आठवड्यांची रजा संपून दोन महिने झाले, लेक आठ महिन्यांची आहे. ऑफिस बीकेसीला, घरी पोचेपर्यंत साडेआठ, तेव्हा ती पेंगत असते. दिवसभर सासूबाई बघतात पण त्यांचे गुडघे दुखतात. त्यात लग्नाआधीपासून आम्ही चार-पाच जण दर रविवारी वस्तीतल्या मुलांचा गणिताचा वर्ग घेतो. आई म्हणते समाजसेवा पुरे आता, घर बघ. नवरा काहीच बोलत नाही. गेल्या रविवारी खूप दिवसांनी गेले तर सातवीतल्या एकाने फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज केली, छेद समान न करताच वरचे वर मिळवले, खालचे खाली, आणि म्हणाला ताई तुम्ही नव्हता ना, विसरलो. रात्रभर तेच डोक्यात. सोडू का वर्ग?

दोन_पोरांची_आई:
आधी ऑफिसचं बघ गं. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावीच लागते, दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन ब्रेक मिळतात ते वेगळे. एचआर स्वतःहून सांगत नाही, लेखी विचार.

डोंबिवलीची_ताई:
पाळणाघर असलं तरी सकाळच्या लोकलमधून तिला नेणार कशी ओ, तिथे आपल्यालाच उभं राहता येत नाही :(

दोन_पोरांची_आई:
खरंय. मग ते दोन ब्रेक जोडून संध्याकाळी लवकर सोडा म्हण, मी मॅनेजरशी बोलून तसंच करून घेतलं होतं.

नागपूरचा_बाबा:
ताई, नवरा बोलत नाही तर तुम्ही बोला ना. रविवारी सकाळी आमची पोरगी माझ्याकडेच असते, पहिले दोन रविवार नुसती रडली, तिसऱ्या रविवारी माझ्या हातून वाटीभर नाचणीचं सत्त्व खाल्लं. बाप घरी असताना आजीला कशाला उठवायचं?

साठीतली_मावशी:
माझं मत वेगळं आहे. वर्षभर थांबलीस तरी काही बिघडत नाही, मीही महिला मंडळ सोडून पुन्हा गेले होते. फक्त मुलांना सांगून थांब, न सांगता गायब होऊ नकोस, मुलं वाट बघतात.

डोंबिवलीची_ताई:
मावशी, तुमचं वाचून रडूच आलं. काल रात्री नवऱ्याशी बोलले, तो म्हणाला तू कधी विचारलंच नाहीस. आता महिन्यातले दोन रविवार माझे, दोन बाकीच्यांचे असं ठरलंय. एचआरला मेल पण टाकला. या रविवारी आधी समान छेद घेणार.