मदत हवी आहे: पावसात ओरिएंटियरिंगचे नकाशे कसे टिकवायचे?

मंडळी, ऑगस्टमध्ये मुळशी भागात शाळकरी मुलांसाठी ओरिएंटियरिंग (नकाशा आणि होकायंत्राच्या मदतीने रानातली ठरलेली ठिकाणं शोधत पळण्याचा खेळ) ठेवतोय. नकाशा १:१०,००० चा, ए-फोर आकाराचा. इंकजेटची शाई ओली झाली की पसरते. समोच्च रेषा आणि पायवाटा एकमेकींत मिसळल्या तर आपण रानात नेमके कुठे आहोत हे मुलांना कळणार कसं? म्हणून लेझर प्रिंटच काढायचं ठरवलंय. टोनर (लेझर प्रिंटरची भुकटीची शाई) पाण्याने पसरत नाही, पण साधा कागद भिजून फाटतोच. जाड लॅमिनेशन मला पटत नाही, कारण आपण जिथे आहोत तिथे नकाशावर अंगठा ठेवून पळायचं तर त्याची सारखी घडी बदलावी लागते. झिपवाल्या पिशवीत आतून वाफ धरते.

न फाटणारा सिंथेटिक कागद कुणी वापरलाय का? लेझरच्या उष्णतेने तो आकसत तर नाही ना? घडीवर टोनर निघतो का? पुण्यात सुटा कुठे मिळेल, तेही कृपया सांगा.