रोजच्या वापरातली स्विफ्ट पहिल्यांदा ट्रॅकवर न्यायची आहे, ब्रेक-टायरचं काय काय करून घेऊ?

गिरणाथडी, जळगाव

राम राम मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, २०१९ ची, मॅन्युअल, ५८,००० किमी. पुढे डिस्क, मागे ड्रम, टायर १६५/८० आर१४, अजून कंपनीचेच. इंजिनाला हात लावलेला नाही, लावायचाही नाही. येत्या थंडीत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हौशी लोकांसाठी दिवस निघाला की नाव द्यायचं ठरतंय. ट्रेलर वगैरे काही नाही. हीच गाडी चालवत जाणार, हीच चालवत परत येणार, आणि सोमवारी हीच ऑफिसला न्यायची.

गॅरेजवाला म्हणतो ब्रेक एकदम ओके आहेत, पॅड अजून दहा-पंधरा हजार आरामात चालतील, काही करायची गरज नाही. ते पुरेसं आहे का? टायरमध्ये हवा किती ठेवायची? आणि जाण्याआधी एरंडोल-पारोळ्याकडच्या चौपदरी रस्त्यावर पहाटे थोडा सराव केला तर चालेल का?

लोखंडी पाना, धुळे

भाऊ, गॅरेजवाला खोटं बोलत नाहीये, पण तो रस्त्याचा हिशोब सांगतोय. ट्रॅकचा वेगळा आहे. माणूस आणि सामान धरून गाडी १,००० किलो धरा. रस्त्यावर ८० वरून थांबलात तर साधारण २५० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते, आणि असा ब्रेक दिवसातून एखाद-दोनदा लागतो. ट्रॅकवर सरळ पट्ट्याच्या शेवटी १५० वरून ६० वर आलात तर ७३० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिप्पट, तेही एका दाबात. डिस्क थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं. कन्नडचा घाट उतरताना चाकांतून जो जळका वास येतो तो आठवा. पहिल्या दिवशी गाडी खराब होते ती बहुतेक इथेच. इंजिन बिचारं सहन करतं.

त्यामुळे पैसे मोजके असतील तर सगळे ब्रेकवर घाला. सर्वांत आधी ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कळनबिंदू खाली येतो. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३ चा किमान आकडा नवं असताना २०५ अंश, पाणी ओढल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. २०१९ पासून बदललं नसेल तर तुम्ही १४० च्या जवळपास आहात असंच धरून चला. ताजं डॉट ४ किंवा ५.१ घाला, दोन्ही डॉट ३ च्या सिस्टीमला चालतात. फक्त नुसतं 'डॉट ५' घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. एक लिटर पुरतं. बाटली सीलबंदच घ्या, फोडून ठेवलेली अर्धी बाटली फुकट दिली तरी नको.

बदलताना सिरिंजने टाकीतलं जुनं काळपट ऑइल ओढून काढा, नवं भरा, मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडे उजवं स्टिअरिंग, म्हणजे मागचं डावं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. चाकाच्या ब्रेकवर ऑइल सोडायचा छोटा बोल्ट असतो, निप्पल, त्याला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल पाव फेरा सोडायचा, ऑइल आलं की आधी निप्पल बंद, मग पेडल सोडायचं. हे उलटं झालं की हवा आत. नळीत चहासारखं येत होतं ते बिस्लेरीच्या बाटलीत तेल ओतल्यासारखं स्वच्छ पिवळसर दिसेपर्यंत करत राहा. मध्येमध्ये टाकी बघा. ती रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही. आणि हे ऑइल रंग खातं, बोनेटवर सांडलं तर लगेच पाणी मारा.

पॅड: मसाला, म्हणजे घासणारा थर, ६ मिमीपेक्षा कमी राहिला असेल तर नवे टाका. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, थेट पिस्टनमधून ऑइलला देतो. रस्त्यावर जो ४ मिमीचा पॅड दहा हजार किमी जातो तो ट्रॅकवर एका दिवसात संपू शकतो. नवे पॅड निदान दोनेकशे किमी आधी बसवा आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा गती कमी करा, पूर्ण थांबू नका. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालू द्या. मागचे ड्रम एकदा उघडून लायनर आणि व्हील सिलिंडर बघा. रबरी बुशीखाली ओल दिसली तर सिलिंडर बदलल्याशिवाय जायचंच नाही.

तापीचं पाणी, भुसावळ

ब्रेकचं वर आलंच. टायरचं सांगतो, आणि आपल्या भागातल्या एका गोष्टीचं, जी बाहेरच्या यूट्यूबवाल्यांना सुचणार नाही.

टायरच्या बाजूला चौकोनात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमचे कंपनीचे आहेत म्हणजे वय झालंय. नक्षी कितीही खोल असो, जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात इतकी वर्षं तापलेलं रबर कडक होतं आणि पकड जाते. खोबणीच्या तळाशी नखाने दाबून बघा, बारीक भेगा दिसल्या तर चारही बदला. महागडे नको, रोजचे चांगले टायरच घ्या, पण निघायच्या आदल्या दिवशी नको. अगदी कोऱ्या, खोल नक्षीचे ठोकळे ट्रॅकवर तापून हलतात आणि कडांचे तुकडे सुटतात. थोडा चाललेला, ५-६ मिमी नक्षीचा टायर पहिल्या दिवसाला उत्तम. आकारापुढचं अक्षरही वाचा: एस म्हणजे १८० किमी, टी १९०, एच २१०.

हवेत लोक चुकतात ते दोन ठिकाणी. पहिलं, 'पकड वाढेल' म्हणून हवा कमी करतात. ८० प्रोफाइलचा टायर उंच, त्याची भिंत मऊ. हवा कमी केली की वळणात टायर भिंतीवर लोळतो आणि खांदा झिजतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा घ्या, त्यात २-३ पीएसआय वाढवून सुरू करा. दुसरी चूक म्हणजे गाडी चालवून आल्यावर गरम टायरमध्ये मोजतात. रात्रभर उभी असताना, सकाळी, सावलीत मोजा. तापमान १० अंश वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतं. ३३ वर सुरू केलेला टायर ३० अंशांवरून ७० वर गेला की ३९ च्या पुढे जातो. नायट्रोजन भरला तरी हा हिशोब बदलत नाही. कोरडी हवा पुरे.

बरोबर आहे की नाही हे टायरच सांगतो. खांद्यावर एक बारीक त्रिकोण असतो. तिथून भिंतीकडे खडूची जाड रेघ ओढा, प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी. सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, झाल्यावर बघा: खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर ठीक, त्याच्या खाली गेला तर २ पीएसआय वाढवा, त्रिकोणाच्या बराच वर थांबला तर १-२ कमी करा. पुढचा डावा आणि पुढचा उजवा वेगळे निघतील, घाबरू नका, ट्रॅकला एका बाजूची वळणं जास्त असतात. स्वतःचं गेज न्या. पंपावरच्या मशीनमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज असतो.

आता आपल्याकडची गोष्ट. दिवाळीपासून जिनिंग सुरू होतात, कापसाच्या ट्रॉल्या रस्त्याने चालतात, आणि ती रुई उडून एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसते. वर शेतातली काळी धूळ. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत गोधडी झालेली असते. टॉर्चचा उजेड टाकून बघा: पुढून नाही, वरून, दोघांच्या मध्ये. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे ढकलत धुवा. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते. कूलंट तयार मिळतो तोच घाला, किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्या पाण्याचा क्षार आत थर धरतो. इंजिन ऑइल ताजं आणि मोजायच्या काडीवर वरच्या खुणेला. लांब वळणात ऑइल एका बाजूला पळतं, कमी असेल तर पंप हवा ओढतो. खुणेच्या वर पण नको, फेस होतो.

गिरणाथडी, जळगाव

फार मोलाची माहिती दिली, धन्यवाद. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय, बदलल्याची नोंद कुठेच नाही, म्हणजे ते आधी. टायरवर १२१९ आहे. विम्याबद्दल कुणी सांगेल का? फुल इन्शुरन्स आहे, झिरो डेपसकट (म्हणजे सुट्या भागांची घसारा-कपात न करणारं).

उभा रस्ता, शिरपूर

पॉलिसीच्या कागदावर 'वापराच्या मर्यादा' असं कलम आहे, ते काढून वाचा. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल, या वापराला संरक्षण नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. झिरो डेपने त्यात काही फरक पडत नाही. भिंतीला लागली तर खर्च तुमचा, आणि ट्रॅकची भिंत-कठडा मोडला तर बहुधा तोही, आयोजक तसं लिहून घेतात. तो फॉर्म सही करायच्या आधी पूर्ण वाचा. बंपर, हेडलाइट, रेडिएटर एवढा खर्च झेपेल का हा विचार आत्ताच करायचा.

आणि चौपदरीवर सराव नाही म्हणजे नाही. पहाटे त्या रस्त्यावर बिनदिव्याचे ट्रॅक्टर असतात, दुभाजकाच्या फटीतून दुचाकी येते, दूधवाले असतात. कुणाच्या तरी घरचं माणूस आहे ते. तिथे शिकण्यासारखंही काही नाही. कायदेशीर वेगात शिकता येतं ते एवढंच: नजर लांब ठेवणं, ब्रेक हळू सुरू करून घट्ट करत नेणं आणि सोडतानाही हळूच सोडणं, गिअर खाली घेताना झटका न बसू देणं. हे रोज ऑफिसला जाताना करा, महिनाभर. ट्रॅकवर पाय त्याच सवयीने चालणार.

जवळ म्हणून आग्रा रोडने सेंधव्यावरून पिथमपूरचं नॅट्रॅक्स डोळ्यापुढे येतं, पण ते गाड्या तपासण्याचं केंद्र आहे. तिथला ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक नवख्याने वळणं शिकायला नाही. तुमची इरुंगट्टुकोट्टईची निवड बरोबर आहे. ३.७ किमी, वळणं भरपूर, छोट्या इंजिनाला शोभणारा.

केळीबाग, रावेर

त्या दिवसाचं लिहितो.

आदल्या रात्री गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाने, बाटल्या, आरशाला लटकवलेलं, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं उतरवून पिटमध्ये (ट्रॅकलगतची गाड्या उभ्या करायची जागा) पिशवीत. ड्रायव्हरकडची मॅट नक्की काढा, ती सरकून पेडलखाली जाते. टोचनचा हूक मात्र जवळ ठेवा, बाहेर काढायची वेळ आली तर तोच लागतो. चाकांचे नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. पहिल्या सेशननंतर, चाकं निवल्यावर, पुन्हा तपासा. प्लास्टिकचे व्हीलकॅप घरीच ठेवा.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं. दुचाकीचं चालतं की गाडीच्या रेसिंगचं लागतं हे आयोजकांना आधी विचारा, नियम वेगवेगळे असतात. अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि जीन्स. टेरिकॉट-पॉलिस्टर नको, आगीत ते वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळव्याचे. हेल्मेट घालून सीटवर बसा, छताला लागत असेल तर सीट खाली करा. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. पट्टा घट्ट करायची सोपी रीत: सीट दोन खाचा मागे, पट्टा झटक्याने ओढून लॉक करा, तसाच धरून सीट पुढे घ्या.

सेशन साधारण पंधरा-वीस मिनिटांचं. पहिली फेरी सावकाश, टायर-ब्रेक तापवायला आणि झेंडेवाले कुठे उभे आहेत ते पाहायला. मग तीन-चार फेऱ्या जोरात, त्यानंतर एक फेरी निवांत, पुन्हा जोरात. सगळं सेशन सलग रेटायला ही गाडी बनलेली नाही. पिवळा झेंडा: वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल: सावकाश, थांबायच्या तयारीने पिटमध्ये. निळा: मागे वेगवान गाडी, वाट द्या. काळा तुमच्या दिशेने असला तर तुम्हालाच बोलावलंय. काळ्यावर नारिंगी गोळा म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड दिसतोय. लाल-पिवळे पट्टे: पुढे निसरडं. चौकडी म्हणजे संपलं, पण अजून एक थंड फेरी बाकी.

पेडलची भाषा शिका, ही सगळ्यात महत्त्वाची. पेडल नेहमीसारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ऑइल उकळलंय आणि नळीत वाफ झालीये. दुसरं जास्त धोक्याचं. भराभर दोन-तीन वेळा पेडल मारा, गिअर खाली घ्या, बाकी गाड्यांच्या वाटेतून बाजूला होऊन हात दाखवा आणि पिटमध्ये या. थंड झाल्यावर पेडल परत कडक लागलं तरी त्या ऑइलवर भरवसा ठेवू नका. एक सीलबंद बाटली यासाठीच बरोबर न्यायची.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक लावायचा नाही, ब्रेकवर पाय दाबूनही थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅडचा मसाला एका जागी चिकटतो आणि मग परतीच्या हजार किलोमीटरभर स्टिअरिंग थरथरतं. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडी ठोकळा. बोनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण नाही.

पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, लांब वळणात पंपाला हवा लागते. ट्रॅकवर लिटरला चार-सहा किमी धरा. एसी बंद.

लोखंडी पाना, धुळे

केळीबागने सगळं नेमकं सांगितलं. परतीचं जोडतो, तेच बहुतेक जण विसरतात. शेवटचं सेशन अर्धंच चालवा किंवा सोडून द्या, गाडी संध्याकाळी चारलाच निवायला हवी. निघण्याआधी पुढची चाकं काढून पॅडचा मसाला मोजा, ३ मिमीच्या खाली असेल तर तिथेच नवे बसवा. म्हणून एक जोड सोबत न्या, त्याच्यासाठी गाव शोधत फिरू नका. डिस्कवर नख फिरवा. बारीक केसासारख्या रेषा चालतील, पण नख अडकेल अशी किंवा कडेपर्यंत गेलेली भेग चालणार नाही. ऑइलची काडी, कूलंटची पातळी, टायरचे आतले खांदे हात घालून बघा, बाहेरून आतली झीज दिसत नाही. हवा स्टिकरच्या आकड्यावर परत आणा, स्टेपनी-जॅक जागेवर ठेवा, नट पुन्हा टॉर्क करा. शंभर किमीवर चहाला थांबलात की नट आणखी एकदा.

ऑइल कधी बदलताय ते सांगा. धुळ्याकडे येणार असाल तर टॉर्क पाना आणि नळी घेऊन जा माझ्याकडून, विकत घ्यायची गरज नाही.