एकतर्फी मनाई: समोरच्याला न ऐकता 'जैसे थे' द्यावा का?

बांधकरी: गेल्या वर्षी मार्चमध्ये घराची मागची भिंत बांधायला घेतली. जोत्यावर चार थर चढले आणि पाचव्या दिवशी बेलीफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा, दारात. शेजाऱ्याने दावा लावून त्याच दिवशी एकतर्फी 'जैसे थे' मिळवला होता. गवंड्याने थापी धुतली, पिशवीत टाकली आणि निघून गेला. मग एका तारखेला त्यांचे वकील नाहीत, एकदा न्यायाधीशसाहेब रजेवर, मग साहेबांची बदली. निशाणी 5 चा, म्हणजे मनाईच्या अर्जाचा, निकाल 11 महिन्यांनी लागला. अर्ज फेटाळला. तोवर सिमेंटच्या 22 गोण्यांचे दगड झाले होते. माझं म्हणणं सरळ आहे: 48 तासांची नोटीस दिल्याशिवाय मनाई देऊच नये. आता फोनवरही नोटीस पाठवता येते.

काळा कोट: भिंत पाडायला जेसीबीला 20 मिनिटं लागतात. 48 तासांत काय शिल्लक राहील? आधी नोटीस, हा तर आत्ताही नियमच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 39, नियम 3 वाचा. नोटीस देण्यात वेळ गेला तर मनाईचा हेतूच बुडेल, असं वाटलं तरच एकतर्फी, तेही कारणं लिहून. ती लिहिणं सक्तीचं आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये शिवकुमार चढ्ढा प्रकरणात बजावलंय. तुमच्या हुकमात कारणं होती ना?

बांधकरी: होती की. कागदपत्रे पाहिली, प्रथमदर्शनी समाधान झाले, तातडी दिसते. साडेतीन ओळी. माझ्या भिंतीऐवजी कुणाची विहीर घातली असती तरी एक शब्द बदलावा लागला नसता.

माहेरवाशीण: दादा, तुमच्या गोण्या गेल्या याचं वाईट वाटतं. पण माझं ऐका. वडील गेल्यावर वारसनोंदीत आम्हा दोघी बहिणींची नावं लागलीच नाहीत. बुधवारी कळलं की शुक्रवारी भावाचं खरेदीखत आहे. गुरुवारी दुपारी हुकूम हातात पडला म्हणून जमीन राहिली. त्याला 48 तासांची नोटीस गेली असती तर त्याने त्याच संध्याकाळी सही केली असती. माझा सख्खा भाऊ आहे, मी ओळखते त्याला.

वरची आळी: कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा आगाऊ अर्ज, टाकायचं होतं, बांधकरी. कलम 148अ, 90 दिवस निवांत.

बांधकरी: टाकलं होतं, शेजाऱ्याच्या नावावर. त्याने दावा बायकोच्या नावाने लावला.

रोजनामा: 26 वर्षं दिवाणी न्यायालयात कारकुनी केली, म्हणून बोलतो. हुकूम मिळाला की दावा, अर्ज, शपथपत्र, कागद, सगळ्याच्या प्रती लगेच रजिस्टर पोस्टाने धाडायच्या आणि तसं शपथपत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी द्यायचं, असा नियम आहे. प्रत्यक्षात पाकिटात बऱ्याचदा हुकमाचा एकच कागद असायचा. पोस्टाची पावती मात्र फाईलला न चुकता डकवलेली! नंतर नोटीस बजावण्याची प्रोसेस फी भरायची नाही, पत्ता अर्धवट द्यायचा, की झालं. रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेच्या नोंदीत, 'हुकूम पुढील तारखेपर्यंत कायम' एवढं लिहिताना माझा हात झिजला. पहिला हुकूम सहसा वाईट नसतो हो, त्याचं शेपूट वाईट.

काळा कोट: त्यालाच तर नियम 3अ आहे. एकतर्फी हुकमानंतर 30 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर का नाही ते लिहायचं. ते झालं नाही तर थेट अपील करता येतं, हे 2000 सालीच ठरलंय. बांधकरी, खरं सांगा, तुमच्या बाजूचं लेखी म्हणणं कधी दाखल झालं?

बांधकरी: दोन तारखा मुदत आम्हीही मागितली. वकील म्हणाले, मोजणीचा नकाशा येऊ द्या. अपिलाचं कुणी बोललंच नाही.

वरची आळी: मग 11 महिन्यांतले दोन-तीन तुमचे धरा!

बांधकरी: धरले. बाकीचे? ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने झी कंपनीवर दिलेल्या बातमीचं काय झालं आठवा. 1 मार्च 2024 ला दिल्लीच्या जिल्हा न्यायालयाचा ती हटवण्याचा एकतर्फी हुकूम, 14 ला उच्च न्यायालयाने तो कायम केला, 22 ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. 21 दिवसांत तीन कोर्टं. मी तालुक्याच्या एका कोर्टात 11 महिने.

काळा कोट: अपुऱ्या कारणांवर मनाई घेतली असेल तर कलम 95 खाली भरपाई मागा. कमाल 50 हजार.

बांधकरी: भिंतीच्या विटाही तेवढ्यात येत नाहीत, वकीलसाहेब. तरी टाकतो अर्ज.

माहेरवाशीण: माझ्या भावानेही तोच अर्ज टाकलाय, माझ्यावर. सोमवारी तारीख आहे.