अंगण ठेवलं की माणसं जवळ येतात म्हणे!

मूळ पोस्ट: "मधे अंगण ठेवा, गरीब-श्रीमंत आपोआप मिसळतील. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज बघा."

वीटवाळू: 'आपोआप' वाचून डोकं उठलं. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईतल्या त्या वसाहतीत नुसतं अंगण सोडलं नव्हतं. 7 घरांत 8 बाय 8 मीटरचं अंगण, असे 3 गट मिळून 21 घरांना 12 बाय 12 चं. प्लॉट साधारण 45 ते 75 चौ. मीटर, म्हणजे श्रीमंताचा प्लॉटही फार मोठा नाही. आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही. खोली वाढवायला शेजाऱ्याच्या पाया पडायला नको. भांडण टळलं ते त्या फटीमुळे, अंगणामुळे नाही.

अंगणप्रेमी: वाढवायची सोय केली, म्हणून तर आता स्लॅबवर स्लॅब. नवं जोतं फूटभर उचललं की पावसाचं पाणी थेट जुन्या घराच्या उंबऱ्यात.

वीटवाळू: जोत्याची पातळी बांधून द्यायला हवी होती, हे मान्य. तेवढंच.

नळजोडणी: इंदूरची 'अरण्य' वसाहत घ्या. वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी 20-20 घरांमागे एक सेप्टिक टँक दिला. टाकी भरली की वीसही घरं एकत्र येतात, भांडायला! उताराच्या वरच्या घराला पत्ताही नसतो; उलटं येतं ते खालच्याच्या संडासात. मग मैला उपसायची गाडी बोलवायची, तर वरचा म्हणतो, "माझं व्यवस्थित चाललंय, मी का देऊ?"

अंगणप्रेमी: विषय एकोप्याचा आहे, तुम्ही मैल्यात शिरलात.

नळजोडणी: एकोपा तिथेच कळतो. गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढला नाही तर शोषखड्डा गाळाने बुजतो, मग नुसती टाकी उपसून भागत नाही. वर्गणी महिन्याच्या महिन्याला घ्या, तुंबल्यावर नाही.

तिरकस: इंदूर राहू द्या, मुंबईत या. 33(10) मध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात, एकाच प्लॉटवर रिहॅब (झोपडीधारकांची इमारत) आणि सेल (विक्रीची इमारत), मधे भिंत, गेटं दोन. रिहॅबच्या कॉर्पसचं, म्हणजे देखभालीसाठी ठेवलेल्या रकमेचं, व्याज लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराला पुरत नाही, आणि तुम्ही अंगणाच्या गप्पा मारताय. फरशी कोण पुसणार?

अंगणप्रेमी: म्हणून भिंत राहू द्यायची?

वीटवाळू: नुसती पाडली तर महिन्यात पत्रे ठोकतील. त्याच रेषेवर दुतर्फा शटरची दुकानं काढा. गाळ्यांचं भाडं दोन्ही सोसायट्यांना, लिफ्टचा खर्च त्यातून.

तिरकस: बिल्डर तो गाळा देईल?

अंगणप्रेमी: बरं बाबा, 'आपोआप' मागे घेतला. टाकीही तुमच्याच नावावर करतो.

नळजोडणी: करा. फक्त झाकण रस्त्याच्या बाजूला ठेवा, गाडीचा पाइप पोचला पाहिजे.