येझदी, आरएक्स आणि साठी ओलांडलेली टोळी : तुमचा अनुभव लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींचे जे गट जमले, त्यांतले बरेच जण आता साठीच्या पुढे आहेत. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, यामाहाची आरएक्स १०० सुद्धा त्याच साली थांबली. गाडी सुरू होत नाही म्हणून माणूस येत नाही, माणूस येत नाही म्हणून गाडी पडून राहते. हे चक्र कुठे तोडता? 'आमच्या वेळी' नको. काय करता, किती मापाचं करता आणि कुठे फसतं, तेवढंच लिहा.

उद्यमबागवाले
लांबच्या राइडने गट टिकत नाही, पान्याने टिकतो. महिन्यातले दोन रविवार, सकाळी ७ ते ९, एकच गाडी आणि एकच काम. सुरुवात येझदीच्या पॉइंटपासून (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) करा. उजवीकडचं डायनॅमोचं कव्हर काढायचं. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ०.४ मिमी गॅप धरायची. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, त्यानंतरच, कारण गॅप हलली की टायमिंगही सरकतं. उलट्या क्रमाने केलं तर काम दोनदा.

मग प्लग काढून भोकात पिस्टनची हालचाल मोजणारं डायल गेज लावा. पिस्टन वरच्या टोकाला आणून इंजिन उलटं फिरवा, साधारण ५ मिमी खाली जाऊ द्या, आणि चालीच्या दिशेने वर आणत टोकाच्या ३ मिमी आधी थांबा. जास्त खाली न्यायचं कारण म्हणजे मधला प्ले (सांध्यांतली ढिलाई) निघून जातो. पॉइंटमध्ये धरलेला पातळ कागद नेमका इथे सुटला पाहिजे. मॉडेलप्रमाणे थोडा फरक असतो, गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. पॉइंट सारखे काळे पडत असतील आणि तापल्यावर गाडी मिसिंग करत असेल, तर पॉलिश पेपर बाजूला ठेवा नि पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदला.

हे एकदा बसलं की दोन किकमध्ये गाडी लागते. गुडघे गेलेल्या काकांना घराबाहेर काढायला याहून मोठी युक्ती नाही बघा.

टिळकवाडी
वर एक भर. पडून राहिलेल्या गाडीचे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) दोन्ही टोकांचे रबरी ऑइल सील कडक होतात. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअरचं तेल ओढतं : धूर दाट होतो आणि गिअरबॉक्समधली पातळी उतरते. डायनॅमोकडचं गेलं तर हवा ओढली जाते, आयडलिंग आपोआप चढतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापून सिलिंडरात अडकतो. दुसरं जास्त वाईट, कारण धूर दिसत नाही. इंजिन खोललंच आहे तर दोन्ही सील बदला, एक बदलून पैसे वाचत नाहीत.

खानापूरकर
आमच्याकडे जून ते सप्टेंबर गाडी बाहेर काढायची सोय नाही, कणकुंबीकडचा पाऊस माहीतच आहे. म्हणून मे अखेरीस सगळ्यांच्या गाड्या एकाच दिवशी 'झोपवायच्या'. पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. तसाच ठेवला तर पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे राहतं आणि जेट (पेट्रोलचं बारीक भोक) चिकटतो. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढतं, म्हणून टाकीही रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवा. प्लगच्या भोकातून १० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोडून किक हाताने सावकाश दाबा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा आणि हँडलला चिठ्ठी बांधा, नाहीतर सप्टेंबरात चिंधी आतच विसरते. पावसाळ्याबाहेर पंधरा दिवसांतून एकदा २० मिनिटं रस्त्यावर चालवा. अंगणात दोन मिनिटं घुर्रघुर्र केल्याने सायलेन्सरमध्ये पाणी आणि काजळीच वाढते.

येझदीच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं : एका लिटरला ४० मिली, पाच लिटरला २००. अर्धं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि गाडी चांगली हलवा. आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे, तिच्यात साधं पेट्रोल चालतं. गटात दोन्ही असतील तर कॅनवर ठळक लिहा. घाईत कुणी येझदीत साधं पेट्रोल ओतलं की संपलं.

चोर्ला घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून लोळत जाऊ नका. येझदीला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.

शहापूरचे
पार्टची सामायिक पेटी ठेवा : पॉइंट, कंडेन्सर, प्लग, क्लच प्लेटी, तिन्ही केबल, गास्केट, सील, ६ व्होल्टचे बल्ब. वहीत नाव लिहून घ्यायचं, नवा पार्ट आणून जागा भरायची. रबराच्या वस्तूवर खरेदीची तारीख टाका.

बुश (शाफ्टभोवतीची धातूची नळी) वगैरे लेथवर करून घेताना झिजलेला नमुना देऊ नका. लेथवाला प्रामाणिकपणे झिजलेल्याच मापाचा करून देतो! न वापरलेला नमुना शोधा, नाहीतर शाफ्ट आणि भोक दोन्ही मोजून द्या, आणि एक न करता पाच करून घ्या. झिजलेला सिलिंडर कापून मोठा करायचा, म्हणजे बोअर, त्याचंही तसंच. ओव्हरसाइज पिस्टन हातात येईपर्यंत सिलिंडर कापू द्यायचा नाही. आधी कापला आणि त्या मापाचा पिस्टन मिळाला नाही की पुढची साइज शोधत बसा.

निपाणी
कागदांचं कुणी बोललं नाही. एमएच ०९ ची (कोल्हापूरची) गाडी घेऊन केए २३ मध्ये (चिकोडीकडे, कर्नाटकात) ठेवणारे इथे घरोघरी आहेत. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) फॉर्म २८ वर. आरसी (गाडीची नोंदणी) १५ वर्षांनी संपते, पुढे पाच-पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवायची. गाडी ५० वर्षांची झाली तर २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंद मिळते, पण मग ती रोज चालवता येत नाही. गटाच्या राइडला चालेल, बाजाराला नाही.

आणि अवघड गोष्ट. मालक गेला की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करायला फॉर्म ३१ भरायचा. घरच्यांना ते ठाऊक नसतं, गाडी अंगणात सडते आणि शेवटी भंगारात जाते. आरसीवर नॉमिनीचं नाव आता घालता येतं. पुढच्या रविवारी पॉइंट राहू द्या, सगळ्यांची आरसी मागवा.

चिकोडी
नवी पोरं आरएक्सच्या आवाजाला येतात, येऊ द्या. पण पहिल्याच दिवशी हातात फीलर गेज द्या, नुसतं बघायला उभी केली तर तिसऱ्या रविवारी येत नाहीत. कामाची यादी मराठी नि कन्नड दोन्हींत लावा. पार्टांची नावं दोन्हीकडे तीच आहेत, अडचण फक्त क्रियापदांची.

एक विचारायचं होतं : गिअरचं तेल बदलल्यापासून येझदीचा क्लच चढावर घसरतोय. प्लेटी नव्या आहेत.

उद्यमबागवाले
कारचं तेल घातलं असणार. क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, घर्षण कमी करणारं तेल चालत नाही. डब्यावर 'जेएएसओ एमए' (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) बघून मोटरसायकलचंच घ्या. प्लेटी काढून पेट्रोलने धुवा, वाळवा, मग बसवा. तरी घसरली तर स्प्रिंगची लांबी मोजून इथे टाका.