स्तन लहान करण्याचं ऑपरेशन: मेडिक्लेम कंपनी 'कॉस्मेटिक' म्हणते, पुढं काय?

कपाशीवाली (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. खऱ्या नावानं विचारायची सोय नाही, गाव लहान आहे. वय ३६, दोन लेकरं, वावर आणि शिलाई मशीन दोन्ही सांभाळते.

माझी छाती लग्नाआधीपासूनच जड, बाळंतपणांनंतर आणखी वाढली. लोकांना वाटतं दिसण्याचा प्रश्न आहे. दिसण्याचं मी केव्हाच सोडून दिलं. मशीनवर वाकून बसलं की थोड्या वेळानं मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत मुंग्या येतात, कात्री धरवत नाही. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडल्यात, त्यात करंगळी मावते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मार्च लागला की छातीखालची कातडी ओली राहून लाल होते, मग सोलते, मग वास. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून, उकळून, वाळवून ठेवल्यात. सकाळी एक घडी करून खाली घालते, दुपारी बदलते. शेजारीण विचारते, रोज एवढ्या चिंध्या काहून वाळत घालता? काय सांगू तिला!

ओटी बांधून कापूस वेचणं बंद केलं, मजूर लावते. वेचणीचे भाव ज्याला माहीत त्याला कळेल.

नागपूरच्या एका प्लास्टिक सर्जननं तपासून ऑपरेशन सांगितलं. खर्च दीड लाखाच्या वर. आमचा ५ लाखांचा फॅमिली मेडिक्लेम आहे, बँकेतून काढलेला, चौथं वर्ष चालू, हप्ता एकही चुकलेला नाही. दवाखान्यानं कॅशलेससाठी कागद पाठवले आणि संध्याकाळीच इंग्रजीतून नकार आला: कॉस्मेटिक ट्रीटमेंट, एक्सक्लूजन (म्हणजे विम्यातून वगळलेलं) कोड ८. आता त्या दवाखान्याच्या लेटरहेडवरच मोठ्या अक्षरात 'कॉस्मेटिक अँड प्लास्टिक सर्जरी' छापलंय. अर्ज पाहणाऱ्याची नजर तिथंच गेली असणार.

घरचे म्हणतात, तूर विकून करू. पण तुरीचे पैसे मुलीच्या ॲडमिशनला ठेवलेत. नकार आला म्हणजे विषय संपला का? कोणाला खरंच मिळालाय का क्लेम?

गजू_पुसद

ताई, राग मानू नका. मी स्वतः पॉलिसी विकतो. अशा गोष्टीला विमा मिळत नसतो. आधी वजन कमी करून पाहा, कंपनी पहिलं तेच विचारते.

आर्वीची_मंदा

काहून वो गजूभाऊ, तुमाले कोणी वजन इचारलं? म्या केलं न कमी. गाल बसले, चेहरा उतरला, लोक म्हणे हिले शुगर झाली. अन् जे कमी व्हाले पायजे ते जागचं हाललं नाई. जाड असो का बारीक, काई बायांचं तिथलं वजन डायटिंगनं जातच नाई.

ताई, माह्यं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, त्याच्यानं विम्याचं मले काई समजत नाई. आमचे सासरे सांगत, एका काळी सेवाग्रामच्या दवाखान्याचा विमा ज्वारी देऊन निघे. ते बरं होतं बाप्पा, ज्वारीले कोणी कॉस्मेटिक म्हणत नाई. ऑपरेशनचं काई इचाराचं असन तं इचार.

विमाडेस्क_नागपूर

कपाशीवाली ताई, मी एका खासगी हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर बसते. माझं माहेर उमरखेडचं, म्हणून तुमच्या चिंध्या वाचून आई आठवली.

तुम्हाला आलेला नकार हा कॅशलेसचा आहे. क्लेम अजून दाखलच झालेला नाही. कॅशलेस नाकारलं तरी ऑपरेशन करून, कंपनीला आधी लेखी कळवून, नंतर बिलं लावून पैसे मागता येतात. मिळतीलच असं नाही, पण दार बंद झालेलं नाही.

आता तो कोड ८. हे कलम आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ठरवून दिलेलं आहे, सगळ्या कंपन्यांत शब्द तेच. त्यात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे हे खरं, पण वाक्य तिथं संपत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना चालते. शिवाय विमाधारकाच्या आरोग्याला असलेला 'थेट आणि तात्काळ धोका' दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचाराचा भाग असेल तरीही चालते, आणि ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरनं प्रमाणित करायची असते. गजूभाऊ, पॉलिसी विकताना हा उत्तरार्धही सांगत जा.

अडतं ते 'तात्काळ' या शब्दावर. कंपनीचा डॉक्टर म्हणतो, मानदुखी हा तात्काळ धोका कसा? त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, म्हणून नुसतं 'पेशंटला त्रास होतो' असं पत्र टिकत नाही. माझ्या टेबलावरून अशा फायली गेल्यात. ज्या पास झाल्या त्यांच्यात जुने कागद होते. कातडीच्या डॉक्टरकडची चिठ्ठी: संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, अमुक मलम, अमुक गोळ्या दिल्या, तरी परत आला. हाडांच्या डॉक्टरकडचा मानेचा एक्स-रे, फिजिओथेरपीची नोंद. तुमच्याकडं लुगड्याच्या पट्ट्या आहेत, पण चिठ्ठ्या आहेत का? घरीच पावडर लावून भागवलं असेल तर कंपनीच्या लेखी तो त्रास झालेलाच नाही.

बोटांच्या मुंग्यांची मात्र नसांची तपासणी, एनसीव्ही, आधी करून घ्या. शिवणकाम करणाऱ्या बाईची नस मनगटातही दाबली जाते. तसं असेल तर छातीच्या ऑपरेशननं मुंग्या जायच्या नाहीत, आणि कंपनीलाही आयतं कारण मिळेल.

सर्जनकडून नवं पत्र घ्या. त्यात निदान आजाराच्या नावानं आणि आयसीडी (आजारांची आंतरराष्ट्रीय यादी) कोड एन६२ टाकून असू द्या, म्हणजे स्तनांची अतिवाढ. कोणते उपचार करून झाले आणि ऑपरेशन टाळलं तर कशाचा धोका आहे, हे त्यांच्याच शब्दांत हवं. लेटरहेड बदलता येत नसेल तर राहू द्या, मजकुरात 'कॉस्मेटिक' शब्द नको. चेहरा न दाखवता खांद्यांच्या खाचांचे आणि चट्ट्यांचे फोटो फायलीला लावतात. लाज वाटेल, पण ते फोटो पत्रापेक्षा जास्त बोलतात.

नेटवर 'प्रत्येक बाजूनं ५०० ग्रॅम काढलं तरच विमा' किंवा १९९१ चा श्नूर तक्ता वाचाल. शरीराच्या क्षेत्रफळाशी काढलेल्या भागाच्या वजनाचा मेळ घालायचा तो तक्ता अमेरिकेतल्या विमा कंपन्या वापरतात. आपल्या कोड ८ मध्ये ग्रॅमचा आकडाच नाही. तरी सर्जनला अंदाजे वजन लिहायला सांगा. ऑपरेशनच्या नोंदीत दोन्ही बाजूंचं वजन वेगवेगळं यावं आणि काढलेला भाग तपासणीला जावा.

कपाशीवाली

ताई, इतकं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. दारव्ह्याच्या कातडीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सापडल्या, मुलीच्या दप्तरात वहीला कव्हर घालायला गेल्या होत्या त्यातल्या काही! पण सर्जनच्या कागदावर 'लग्नाआधीपासून त्रास' लिहिलंय. कंपनी म्हणेल जुना आजार लपवला. मग?

विमाडेस्क_नागपूर

घाबरू नका. जुन्या आजारासाठी कंपनीला जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं, हा २०२४ पासूनचा नियम. तुमचं चौथं वर्ष चालू आहे. शिवाय 'जुना आजार' म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरनं निदान केलेला, किंवा ज्यावर सल्ला-उपचार झालेला. अंग दुखत होतं आणि कोणाला दाखवलंच नव्हतं, तर गोष्ट वेगळी. बँकेत पॉलिसी काढताना भरलेल्या फॉर्मची प्रत मात्र मागून घ्या. बँकवाले पटापट सगळीकडं 'नाही' टिक करून मोकळे होतात, आपण खाली सही करतो. सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय लपवल्याचं कारण देता येत नाही, पण तुमचे ते व्हायचेत.

बिलं लावूनही नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपला विदर्भ पुण्याच्या लोकपालाकडं येतो. फी नाही, वकील चालतच नाही, तक्रार ऑनलाइन होते. अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत करा. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर कंपनीला मानावाच लागतो.

आणि राज्य सरकारची मोफत उपचाराची महात्मा फुले योजना विसरू नका, ५ लाखांपर्यंत आहे आणि आता कोणतंही रेशनकार्ड चालतं. पण ती ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, तोंडी विचारून परत येऊ नका, यादी कॉम्प्युटरवर उघडून दाखवा म्हणा.

आर्वीची_मंदा

अन् खर्रा खात असशीन तं आजच सोड. मले डागदरनं पहिलं तेच इचारलं. तंबाखूनं जखम भरत नाई, निप्पलचा रक्तपुरवठा बंद पडू शकते म्हणे. म्या लपवून खात होती, त्याइनं दात पायले अन् तारीखच पुढं ढकलली. पुढं लेकरू पायजे असन तं तेही सांग, नंतर दूध कमी येऊ शकते.

ऑपरेशन झाल्यावर सवा-दीड महिना घागर, पाट्या, काई उचलाचं नाई. तुरी काढाच्या दिवसात तारीख घेऊ नको, घरचे कितीही हो म्हणो, तेव्हा कोणी तुले बसू देत नाई.

कपाशीवाली

खर्रा नाही खात मंदाताई, मूलही आता नको. तारीख पोळ्यानंतरची मागते. यवतमाळला एनसीव्ही कुठं होते ते विचारायला सोमवारी जाते, तिथून नागपूरला नव्या पत्रासाठी.

विमाडेस्क_नागपूर

पत्र हातात आलं की दवाखान्यातून निघायच्या आधीच वाचा, चूक असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. नाव-पत्ता झाकून इथं टाकलंत तर मीही बघीन. रविवारी टाका, बाकी दिवस मला मोबाईल बघायला फुरसत नसते.